इकॉनॉमीत बसणाऱ्यानं विमान कंपनी कशी पारखावी

विमान कंपन्यांची तुलना निघाली की चर्चा दोनच गोष्टींवर येते: क्रू किती हसतमुख होता आणि जेवण कसं होतं. दोन्ही गोष्टी त्या दिवसाच्या नशिबावर असतात. एकाच कंपनीच्या दोन विमानांत जेवढा फरक पडतो, तेवढा कधीकधी दोन कंपन्यांत पडत नाही. इकॉनॉमीच्या प्रवाशानं खरं तर तीन गोष्टी बघाव्यात: विमान कुठल्या बनावटीचं आहे, तिकिटाच्या पैशांत नेमकं काय येतं, आणि काही बिघडलं तर कंपनीला काय द्यावंच लागतं. उरलेलं सगळं वरचं साजूक तूप.

आधी विमान. तिकीट काढताना वेळेच्या खाली बारीक अक्षरांत विमानाचं मॉडेल लिहिलेलं असतं, तिकडे कुणी बघत नाही. एअरबस ए320 ची केबिन बोइंग 737 पेक्षा थोडी रुंद, म्हणून एका ओळीत सहाच सीट असूनही ए320 मध्ये सीट साधारण 18 इंच मिळते, 737 मध्ये 17 च्या आसपास. इंडिगोचा मुख्य ताफा ए320 आणि ए321 चा, अकासाचा सगळाच 737 मॅक्सचा, एअर इंडिया एक्सप्रेसकडे दोन्ही. शेजारी भरदार माणूस बसला की हा एक इंच जाणवतो. लांब पल्ल्यावर हीच गंमत मोठी होते. बोइंग 777 मध्ये बहुतेक कंपन्या 3-4-3 अशा दहा सीट बसवतात आणि रुंदी 17 इंचांवर येते. ए380 मध्येही खालच्या मजल्यावर दहाच सीट, पण विमान रुंद असल्यानं 18 इंच मिळतात. ए350 मध्ये 3-3-3, साधारण तेवढीच रुंदी. 787 मध्येही 3-3-3, पण तिची केबिन ए350 पेक्षा अरुंद, म्हणून पुन्हा 17 च्या जवळ. मुंबई-दुबईला एमिरेट्सची 777 आणि ए380 दोन्ही येतात. भाडं सारखं असेल तर ए380 घ्यावं, यात विचार करण्यासारखं काही नाही.

787 आणि ए350 चा एक फायदा मात्र डोळ्यांना दिसत नाही. जुन्या बनावटीच्या विमानांत केबिनमधला हवेचा दाब साधारण 8,000 फूट उंचीवर असतो तेवढा खाली येऊ शकतो. या दोन विमानांत तो 6,000 फुटांच्या आसपास राखतात आणि हवाही थोडी कमी कोरडी असते. तीन तासांच्या प्रवासात काही कळत नाही. चौदा तासांनी उतरल्यावर डोकं किती जड आहे, यावरून कळतं.

लेगरूमचा आकडा म्हणजे पिच: एका सीटच्या एका बिंदूपासून पुढच्या सीटच्या त्याच बिंदूपर्यंतचं अंतर. देशांतर्गत स्वस्त विमानात ते 28 ते 30 इंच, लांब पल्ल्याच्या चांगल्या इकॉनॉमीत 31 ते 33. आकडा सारखा असला तरी पाठ पातळ असलेल्या नव्या सीटमध्ये गुडघ्यांना जास्त जागा मिळते. गादीही पातळ असते, त्यामुळे पाचव्या तासाला बूड दुखतं ते वेगळंच.

सीट निवडताना काही सापळे ठरलेले आहेत. 737 मध्ये पंखाच्या थोडं पुढे, डाव्या बाजूला एका 'खिडकीच्या' सीटला खिडकीच नसते. एसीची हवा विमानाच्या पोटातून छतापर्यंत नेणारी नळी तिथल्या भिंतीतून जाते. पैसे मोजून ती सीट घेणारे रोज असतात. पंखावरच्या आपत्कालीन दारांच्या दोन ओळी असतात, त्यातली पुढची ओळ मागे झुकत नाही, कारण मागच्या दाराची वाट अडते. घ्यायची तर मागची घ्यावी. अगदी पहिल्या ओळीत पाय पसरता येतात, पण ट्रे सीटच्या हातात (आर्मरेस्टमध्ये) असल्यामुळे सीट किंचित अरुंद होते, आर्मरेस्ट वर उचलता येत नाही, आणि उड्डाण-उतरणीच्या वेळी पर्ससुद्धा वर ठेवावी लागते. लांब पल्ल्याच्या काही विमानांत एखाद्या सीटखाली स्क्रीनची पेटी बसवलेली असते आणि एक पाय कायम तिरका ठेवावा लागतो. दोघंच जात असाल तर 777 ची अगदी मागची टोकं बघा. विमान शेपटीकडे निमुळतं होतं तिथे एमिरेट्ससारख्या कंपन्यांच्या शेवटच्या दोन-तीन ओळी 2-4-2 होतात आणि तिसरा माणूस ओलांडायचा प्रश्न मिटतो. संडास जवळ, हे मान्य करून घ्यावं.

कोल्हापूरसारख्या ठिकाणी इंडिगोचं एटीआर येतं, 78 सीटचं, पंख्याचं. चढायचं मागच्या दारानं, आणि वरचे कप्पे इतके लहान की नेहमीची केबिन ट्रॉली बसत नाही. ती विमानाशेजारीच काढून घेतात. औषधं, दागिने, लॅपटॉप वेगळ्या लहान पिशवीत आधीच असावेत. स्टार एअरच्या एम्ब्रेअर 175 मध्ये इकॉनॉमीला 2-2 सीट, म्हणजे मधली सीट हा प्रकारच नाही. छोट्या मार्गावरची ही चैन फारशी कुणाच्या लक्षात येत नाही.

आता देशांतर्गत सेवा. इथे हिशेब सरळ आहे. 50 सीटमागे किमान एक केबिन क्रू, म्हणजे 186 सीटच्या ए320 मध्ये चौघं. मुंबई-गोवा प्रवासाची वेळ सव्वा तास लिहिलेली असली तरी प्रत्यक्ष हवेत पाऊणएक तास. वर चढताना आणि खाली येताना क्रू बांधलेला. हातात उरतात वीस-पंचवीस मिनिटं, त्यात चौघांनी 186 जणांना पाणी द्यायचं, विकायचं, पैसे घ्यायचे, कचरा गोळा करायचा. अशा वेळी बेल दाबून पाणी यायला उशीर झाला म्हणून कंपनीला एक तारा देणं अन्यायाचं आहे. पाणी हवं तर चढताना दारातच मागून घ्यावं, किंवा रिकामी बाटली सुरक्षा तपासणीनंतर भरून घ्यावी. संडास बहुतेक तीन: एक पुढे, दोन मागे. म्हणजे बासष्ट माणसांमागे एक. खाण्याची गाडी वाटेत आली की मागचे दोन्ही तुमच्यासाठी बंद, म्हणून ती निघण्याआधी उठावं.

एअर इंडियात देशांतर्गत इकॉनॉमीच्या तिकिटात खाणं येतं. विस्तारा 12 नोव्हेंबर 2024 ला तिच्यात विलीन झाली, तेव्हापासून जेवणासह तिकीट देणारी मोठी कंपनी ही एकच उरली. इंडिगो, अकासा, स्पाइसजेट, एअर इंडिया एक्सप्रेस यांच्याकडे खाणं विकत, फुकट फक्त पाणी. त्यामुळे भाड्यांची तुलना सरळ करू नये. समजा एका कंपनीचं तिकीट 4,800 आणि दुसरीचं 5,500. पहिलीत सीटचे 300 आणि खाण्याचे 400 धरले की फरक संपला. उलट, कुठलीही सीट चालणार असेल आणि घरून डबा नेणार असाल, तर ते 700 रुपये तुमचेच. वेब चेक-इनमध्ये सगळ्या सीटवर किंमत दिसते आणि माणूस घाबरून एखादी विकत घेतो. सीट न निवडता पुढे जाता येतं, किंवा काउंटरवर फुकट दिली जाते, बहुधा मधली. बारा वर्षांखालच्या मुलाला त्याच पीएनआरवरच्या आई किंवा वडिलांशेजारी सीट द्यावी, असं डीजीसीए या सरकारी हवाई नियामकानं एप्रिल 2024 मध्ये कंपन्यांना बजावलंय. मुलासाठी वेगळं तिकीट काढलं तर मात्र हा हक्क गेला. सगळ्यांची तिकिटं एकाच पीएनआरवर काढा.

विमानात विकत मिळणारं उपमा-पोहे म्हणजे सुकं मिश्रण आणि वर उकळतं पाणी. झाकण लावून लेबलवर लिहिलेली मिनिटं पूर्ण थांबायचं. घाईनं उघडलं की वर चिखल आणि खाली कोरडे कण. अशा खाण्यात मीठ बेताचं नसतं, रक्तदाबवाल्यांनी मागचा तक्ता वाचावा. विमान हलायला लागलं की गरम पाणी द्यायचं थांबवतात, म्हणून पावसाळ्यात मुंबईहून निघताना भूक त्याच्यावर टांगून ठेवू नये.

परदेशच्या जेवणाबद्दल आपल्याकडे सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो कोडचा. शाकाहारी माणूस 'हिंदू मील' निवडतो आणि समोर चिकन येतं. एचएनएमएल म्हणजे हिंदू मील हे मांसाहारी असतं; त्यात गोमांस नसतं, एवढाच त्याचा अर्थ. आपल्याला हवं असतं ते एव्हीएमएल, एशियन व्हेज: मसाल्याचं, भात-भाजी-डाळीच्या वळणाचं. व्हीजीएमएल हे व्हीगन, दूधही नाही, आणि चव बहुधा उकडलेल्या भाज्यांची. व्हीएलएमएल पाश्चात्त्य पद्धतीचं, त्यात अंडं येऊ शकतं. जैन जेवण व्हीजेएमएल, कांदा-लसूण-कंदमुळं वर्ज्य. एकादशीला किंवा चतुर्थीला निघायचं असेल तर एफपीएमएल, फळांची थाळी. साबुदाण्याची अपेक्षा ठेवू नये.

हे जेवण निदान 24 तास आधी नोंदवावं लागतं, आणि ते प्रत्यक्ष विमान उडवणाऱ्या कंपनीकडे. गडबड इथेच होते. तिकीट एका कंपनीचं, पण कोड-शेअरमुळे विमान दुसरीचं. विनंती पहिलीच्या संगणकात पडून राहते आणि ट्रे येत नाही. तिकिटावर 'ऑपरेटेड बाय' पुढे जे नाव असेल, त्या कंपनीच्या साइटवर तिचा स्वतःचा पीएनआर टाकून जेवण दिसतंय का ते तपासावं. दोन विमानं असतील तर दोन्हींसाठी वेगळं. ऐन वेळी विमान किंवा तारीख बदलली तरी विनंती गळू शकते, पुन्हा बघावं. स्पेशल जेवण सगळ्यांच्या आधी येतं हा फायदा, पण शेजारच्याची निवड बघून मन बदलता येत नाही.

वर चव मंदावते, हेही लक्षात असू द्या. कमी दाब, कोरडी हवा आणि सततचा आवाज यांनी खारट-गोड कमी जाणवतं. आंबट आणि मसालेदार टिकतं. जेवण जमिनीवर शिजवून, थंड करून, वर ओव्हनमध्ये फक्त पुन्हा तापवलेलं असतं. म्हणून रस्सा असलेली राजमा-छोल्यांसारखी भाजी तग धरते, आणि पोळी, पास्ता, ऑम्लेट यांची वाट लागते. दोन पर्याय विचारले तर पातळ भाजी-भाताचा घ्यावा, कंपनी कुठलीही असो.

सामानात तुलना आणखी फसवी. देशांतर्गत नेहमीचं गणित चेक-इनला 15 किलो आणि हातात 7 किलो. एअर इंडियाच्या महाग भाड्यात 25 पर्यंत मिळतं. अमेरिकेला नगावर हिशेब, साधारण 23 किलोच्या दोन बॅगा, पण अगदी स्वस्त भाड्यात एकच. एमिरेट्सवर युरोपला वजनावर हिशेब, आणि भाड्याच्या प्रकारानुसार 20 पासून 35 किलोपर्यंत. कुठलीही एक बॅग 32 किलोच्या वर गेली तर पैसे देऊनही घेत नाहीत, ती फोडून दोन कराव्या लागतात. खरा फटका बसतो तो पुढच्या देशांतर्गत विमानात. न्यूयॉर्क-मुंबई-नागपूर एकाच तिकिटावर असेल तर 23 च्या दोन बॅगा नागपूरपर्यंत चालतात. नागपूरचं तिकीट स्वस्तात वेगळं काढलं तर तिथे 15 किलो, आणि उरलेल्या एकतीस किलोंचे पैसे किलोच्या दरानं. वाचवलेलं सगळं काउंटरवर जातं. वेगळंच काढायचं असेल तर जादा सामान आधी ऑनलाइन घ्यावं, विमानतळापेक्षा स्वस्त पडतं.

तिकीट एकच असलं तरी मुंबईत उतरून पुढे देशांतर्गत विमान असेल तर बॅग पट्ट्यावरून उचलून कस्टममधून न्यावी लागते आणि परत द्यावी लागते. त्यात टर्मिनल 1 आणि 2 एकमेकांना जोडलेली नाहीत, रस्त्यानं जावं लागतं. आणि आता विमानतळही दोन: नवी मुंबईहून 25 डिसेंबर 2025 पासून विमानं सुरू झाली आहेत. तिकिटावर बीओएम आहे की एनएमआय, हे पैसे भरण्याआधी वाचा. गोव्यातही तेच, जीओआय म्हणजे दाबोळी आणि जीओएक्स म्हणजे मोपा. मडगावला जायचं आणि मोपाचं तिकीट हाती, असं झालं तर विमानात वाचवलेले पैसे टॅक्सीवाला घेतो.

पॉवर बँकेचाही आता तुलनेत समावेश करावा लागतो. एमिरेट्सनं 1 ऑक्टोबर 2025 पासून विमानात तिचा वापर बंद केला. 100 वॉट-तासांखालची एक जवळ ठेवता येते, चार्जिंग करता येत नाही. सिंगापूर एअरलाइन्सनं त्याच वर्षी एप्रिलपासून हेच केलं होतं. म्हणजे सीटला यूएसबी आहे की नाही, हा प्रश्न महत्त्वाचा झाला. 20,000 एमएएचची बँक 74 वॉट-तासांची असते, चालते. पण आकडा पुसला गेला असेल तर तपासणीत काढून घेऊ शकतात. चेक-इन बॅगेत ती कधीच नाही.

आता वेळेचं. डीजीसीए दर महिन्याला कंपनीनिहाय आकडे जाहीर करतं: मोठ्या विमानतळांवर किती विमानं वेळेत सुटली, किती रद्द झाली, दहा हजार प्रवाशांमागे तक्रारी किती. पंधरा मिनिटांपर्यंतचा उशीर 'वेळेत' धरतात. एका महिन्याच्या आकड्याला भुलू नये, धुक्याचा डिसेंबर-जानेवारी आणि पावसाचा जुलै वेगळे बघावेत. एरवी शिस्तीची मानली जाणारी इंडिगो डिसेंबर 2025 च्या सुरुवातीला कोलमडली आणि हजारो उड्डाणं रद्द झाली, कारण पायलटांच्या विश्रांतीच्या नव्या नियमांना पुरेल एवढी माणसं नव्हती. ज्या कंपनीची विमानं जास्त, तिच्याकडे पर्यायही जास्त हे खरं, पण ती बसली की सगळा देश बसतो.

कंपनी कुठलीही असो, सकाळचं पहिलं विमान घ्यावं. एकच विमान दिवसभरात पाच-सहा फेऱ्या मारतं, मध्ये जेमतेम अर्धा तास थांबतं; सकाळचा वीस मिनिटांचा उशीर संध्याकाळी दीड तासाचा झालेला असतो. संध्याकाळी जायचं असेल तर आपलं विमान कुठून येतंय ते विमानांचा माग दाखवणाऱ्या फ्लाइटरडार24 वर बघून घरातून निघावं. ते अजून चेन्नईत उभं असेल तर 'ऑन टाइम' या पाटीला काही अर्थ नाही. काउंटर मात्र मूळ वेळेनुसार बंद होऊ शकतो, देशांतर्गत सहसा साठ मिनिटं आधी, म्हणून बॅग असेल तर पाटीच्या भरवशावर उशिरा जाऊ नका.

बिघडल्यावर भारतात काय मिळतं, ते नीट समजून घ्यावं. अडीच तासांपर्यंतच्या प्रवासाला दोन तास उशीर झाला की खाणं-पाणी द्यायचं. अडीच ते पाच तासांच्या प्रवासाला तीन तास, त्याहून लांबला चार. सहा तासांपेक्षा जास्त उशीर होणार असेल तर दुसरं विमान किंवा पूर्ण परतावा, निवड तुमची. रात्री 8 ते पहाटे 3 दरम्यानचं विमान सहा तासांहून जास्त लांबलं तर हॉटेल. उशिराबद्दल रोख भरपाई आपल्याकडे नाही. ती आहे आगाऊ न कळवता रद्द केलं तर: एक तासापर्यंतच्या प्रवासाला 5,000, दोन तासांपर्यंत 7,500, त्यापुढे 10,000, किंवा मूळ भाडं अधिक इंधन आकार, यातलं जे कमी ते. हवामान किंवा सुरक्षेचं कारण असेल तर काहीच नाही. सीट जास्त विकल्या म्हणून तुम्हाला उतरवलं आणि तासाभरात दुसरं विमान दिलं नाही, तर भाड्याच्या दुप्पट, कमाल 10,000. चोवीस तासांपलीकडे गेलं तर चौपट, कमाल 20,000.

यातली एक अट बहुतेकांना माहीत नसते. बुकिंगमध्ये तुमचा संपर्क नीट दिलेला नसेल तर भरपाई नाकारता येते. एजंट स्वतःचा मोबाइल टाकतो, रद्द झाल्याचा मेसेज त्याला जातो, आणि कंपनी म्हणते आम्ही कळवलं होतं. पीएनआर हातात आला की कंपनीच्या साइटवर जाऊन आपला नंबर टाका. आणि तिकीट 'नॉन-रिफंडेबल' असलं तरी रद्द केल्यावर विमानतळाचे कर आणि शुल्क परत मिळतात. मागावे लागतात एवढंच.

युरोपला जाणाऱ्यांसाठी कंपनी निवडण्याचं इथे एक ठोस कारण आहे. युरोपीय संघाच्या नियमानुसार 3,500 किलोमीटरांहून लांबच्या प्रवासात पोहोचायला मोठा उशीर झाला तर 600 युरोपर्यंत रोख भरपाई मिळते. उशीर तीन ते चार तासांचा असेल तर ती निम्मी होऊ शकते. युरोपातून निघताना कुठल्याही कंपनीचं विमान चालतं: फ्रँकफर्ट-मुंबई एअर इंडियानं किंवा दुबईमार्गे एमिरेट्सनं, दोन्हीला नियम लागू. युरोपकडे जाताना मात्र फक्त युरोपीय कंपनी. म्हणजे मुंबई-फ्रँकफर्ट लुफ्तान्सानं गेलात तर संरक्षण आहे, एअर इंडिया किंवा एमिरेट्सनं गेलात तर नाही. विमानातला बिघाड हे कारण सहसा मान्य होत नाही, हवामान होतं. कंपनी आधी व्हाउचर पुढे करते. रोख हवी असेल तर ते घेऊ नका.

बॅग आली नाही किंवा फुटून आली तर पट्ट्याजवळच्या काउंटरवर पीआयआर नावाचा अर्ज भरल्याशिवाय बाहेर पडू नये. बाहेर पडलात की बॅग धड मिळाली असं धरलं जातं. आंतरराष्ट्रीय प्रवासात मोडतोडीची लेखी तक्रार सात दिवसांत आणि उशिरा आलेल्या बॅगेची ती मिळाल्यापासून 21 दिवसांत करायची असते. नुसता पीआयआर पुरत नाही, कंपनीला वेगळा ईमेल लागतो, सोबत बॅगचा टॅग, बोर्डिंग पास आणि मधल्या काळात घेतलेल्या कपड्यांच्या पावत्या. कंपनीनं दाद दिली नाही तर तक्रारींसाठी नेमलेल्या तिच्या नोडल अधिकाऱ्याकडे, आणि तिथेही उत्तर नाही आलं तर सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर. तिथे जाताना पीआयआरचा क्रमांक हाताशी ठेवा.